पिकअपचा एबीएस दिवा विझत नसेल तर दोष कुठे शोधायचा

तासगावहून द्राक्षं भरून निघालेला पिकअप असो, की स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन पसरणी घाट उतरणारा, चावी फिरवली की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दोन-चार सेकंद लागतो आणि विझतो. गोलात ‘एबीएस’ अशी अक्षरं असलेला. तो विझलाच नाही किंवा वाटेत पुन्हा लागला, तर त्याचा अर्थ एवढाच की अँटी-लॉक ब्रेकच्या यंत्रणेला स्वतःत दोष सापडलाय आणि तिने स्वतःला बंद करून घेतलंय. साधा ब्रेक चालू असतो. पेडल दाबलं की गाडी थांबते. जोरात दाबलं तर मात्र चाक लॉक होऊन घसरू शकतं, आणि ते सोडवणारं आता कोणी नसतं.

पिवळ्यासोबत लाल ब्रेक दिवाही लागला असेल तर प्रकरण वेगळं. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, हे पहिल्यांदा बघा. तो खाली असूनही लाल दिवा जळत असेल तर ब्रेक ऑइल कमी झालंय, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी ही सोयही बंद पडलीय. भरलेल्या गाडीला तसं घाटात नेऊ नका. बाजूला घ्या, ऑइलची बाटली बघा, पेडल खाली बसतंय का बघा, आणि शंका असेल तर गाडी उचलून गॅरेजला न्या.

फक्त पिवळा दिवा असेल तर वेळ आहे. पण तो वेळ दोष शोधण्यासाठी आहे, सवय करून घेण्यासाठी नाही. आणि शोधायचा म्हणजे शोधायचाच. ‘मॉड्युल गेलंय’ (म्हणजे एबीएसचं कंट्रोल युनिट) असं कोणी सांगितलं म्हणून लगेच ते मागवायचं नाही. एबीएसमधला सगळ्यात महाग भाग तोच आणि बहुतेक वेळा निर्दोष निघतो तोही तोच. दोष जास्त करून चाकापाशी असतो: तुटलेली वायर, हिरवट पडलेला कपलर (दोन वायरी जोडणारा प्लग), गंजलेली रिंग, ढिलं बेअरिंग.

यंत्रणा काय बघते

प्रत्येक चाकाच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) किंवा मागच्या एक्सलवर दाते असलेली एक लोखंडी रिंग असते. तिच्यासमोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवलेला असतो. दाता समोरून गेला की सेन्सरमधून एक ठोका जातो. हे ठोके मोजून कंट्रोल युनिटला प्रत्येक चाकाचा वेग कळतो. काही पिकअपना मागे दोन सेन्सर नसतात, डिफरन्शियलवर एकच असतो. म्हणून आपल्या गाडीला किती आहेत ते खाली वाकून आधी मोजून घ्या.

हिशेब डोळ्यासमोर आणला की पुढचं सगळं सोपं होतं. समजा टायर २१५/७५ आर १५ आहे. त्याचा घेर साधारण २.२१ मीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ५ फेरे मारतं. रिंगला ४८ दाते धरले तर सेकंदाला सुमारे २४० ठोके. चारही चाकांकडून जवळपास सारखेच ठोके येत असतील तर सगळं ठीक. ब्रेक दाबल्यावर एका चाकाचे ठोके एकदम तुटले तर ते चाक लॉक होतंय. मग युनिट त्या चाकाचा दाब व्हॉल्व्हने रोखतं, सोडतं, पुन्हा देतं, आणि हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होतं. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळे.

पिकअपला या यंत्रणेची गरज कारपेक्षा जास्त असते. सकाळी हौद्यात दीड टन हळदीची पोती, संध्याकाळी हौदा रिकामा. रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी असते, मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरते. जुन्या गाड्यांत यासाठी मागच्या एक्सलला जोडलेली दांडी आणि मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असायचा. एबीएसवाल्या कित्येक गाड्यांत ते काम ईबीडीकडेच दिलेलं आहे.

आणि युनिट हट्टी असतं. एका जरी चाकाचा हिशेब जुळेना, तर चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा ते पूर्ण एबीएस बंद करतं आणि दिवा लावतं. हे बरोबरच आहे.

दिवा कधी लागला, हे लिहून ठेवा

मेकॅनिककडे जाऊन ‘एबीएसचा दिवा लागलाय’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘दुखतंय’ एवढंच सांगणं. कधी लागतो, कधी विझतो, गाडी रिकामी होती की भरलेली, पाऊस होता का, वळणावर होता का, हे दोन-तीन दिवस कागदावर लिहा. नुसत्या एवढ्यानेही निम्मा शोध पूर्ण होतो.

चावी फिरवल्यापासून दिवा विझतच नाही, गाडी हललेलीसुद्धा नाही. म्हणजे दोष विजेचा: फ्यूज, अर्थिंग, पूर्ण तुटलेली सेन्सर वायर, सुटलेला कपलर किंवा युनिट. कारण युनिट गाडी हलण्याआधीच प्रत्येक सेन्सरचं सर्किट तपासून घेतं.

सुरुवातीला विझतो, पण गाडी १०-२० किलोमीटरच्या वेगाला आली की लागतो. आता सर्किट जोडलेलं आहे, पण ठोके येत नाहीत किंवा तुटक येतात. रिंग, सेन्सर आणि रिंगमधली फट, सेन्सरच्या तोंडावरचा मळ, बेअरिंग, याच क्रमाने बघा.

खड्ड्यात आपटल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लागतो. पुढच्या चाकाची सेन्सर वायर आतून तुटलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ही वायर चेसीपासून चाकापर्यंत लोंबती जाते आणि प्रत्येक वळणाला वाकते. वरचं रबर शाबूत दिसतं, आतली तांब्याची तार मोडलेली असते.

फक्त माल भरल्यावर लागतो. पाटे दबले की एक्सल आणि चेसी यांच्यातलं अंतर बदलतं, मागची वायर ताणली जाते किंवा कुठेतरी घासते. रिकाम्या गाडीवर गॅरेजमध्ये कितीही तपासा, दोष दिसणार नाही. गाडी भरूनच दाखवायला न्या.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला लागतो, नंतर गाडी बंद करून सुरू केली की गायब. बॅटरी कमकुवत आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेलं की युनिट तक्रार करतं.

धुवून आणल्यावर किंवा पावसात लागतो आणि दोन दिवस उन्हात उभी राहिली की जातो. पाणी शिरलेला कपलर. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप थेट चाकाच्या आत मारला की हे हमखास होतं.

ऊसतोडीच्या दिवसांतला एक प्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. शेतात चिखलात मागची चाकं रुतली आणि जागच्या जागी गरगर फिरवली की युनिटला मागून ताशी ४० आणि पुढून शून्य असा वेग दिसतो. सेन्सर खराब झालाय असं समजून ते दिवा लावतं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. गाडी बाहेर काढा, चिखल धुवा, बंद करून पुन्हा सुरू करा आणि थोडी चालवा. दिवा गेला तर विषय संपला. नाही गेला तर रिंगवर चिखलाचा गोळा बसलाय का ते बघा.

अर्ध्या तासात घरी होण्यासारखं

मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प (एक टोक बॉडीला लावून करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) एवढं असलं तरी पुरतं. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. कमी असतील तर आधी अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरीची टोकं बघा. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्याने धुवा आणि घट्ट आवळा.

मग फ्यूज. एबीएसला सहसा एक फ्यूज नसतो, दोन-तीन असतात. पंपाच्या मोटरला मोठा, साधारण ४० अँपिअरचा. व्हॉल्व्हना २५-३० चा. आणि चावीवर येणारा एक छोटा, ५ ते १० चा. छोटा केबिनमध्ये आणि मोठे बोनेटखाली असू शकतात. म्हणून एकच बघून ‘फ्यूज ठीक आहे’ म्हणू नका. फ्यूज उपसून नुसता डोळ्याने बघणंही पुरेसं नाही. तो जागेवर असतानाच दोन्ही कडांना टेस्ट लॅम्प लावा. एका बाजूला दिवा पेटला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज उडालाय. नवा टाकताना त्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला तर पुढे शॉर्ट आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे वायरिंग जाळून घेणं.

अर्थिंग लोक विसरतात. एबीएस युनिटची काळी जाड वायर बॉडीला किंवा चेसीला बोल्टने आवळलेली असते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या अर्थिंगच्या बोल्टला लावा आणि इंजिन व हेडलाइट चालू ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर बोल्ट सोडा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा आवळा.

ब्रेक लाइटसुद्धा बघा, कारण पेडलचा स्विच युनिटलाही खबर देतो. पेडल दाबल्यावर मागचे दिवे लागले नाहीत किंवा सोडल्यावर विझले नाहीत, तर स्विच आधी दुरुस्त करा. हौद्याला रंगीत दिव्यांच्या माळा, डबल टोन हॉर्न, मागे जादा एलईडी, आणि या सगळ्यांचा करंट ब्रेक लाइटच्या वायरवरून घेतलेला असेल, तर ते जोड सोडून बघा.

आणि उंदीर. गुळाच्या, धान्याच्या गोदामापाशी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा पाहुणा असतोच. बोनेट उघडून युनिटजवळच्या वायरींवर टॉर्च मारा. दातांच्या खुणा आणि लेंड्या दिसल्या तर पुढचा शोध तिथूनच सुरू करा.

स्कॅनर लावला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर, म्हणजे युनिटने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लागतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुधा इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोडच वाचतं. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात. स्कॅनरवर ‘दोष नाही’ आणि डॅशबोर्डवर दिवा चालू, असं दिसलं तर यंत्र एबीएसपर्यंत पोचतच नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. सातारा असो, कराड असो की मिरज, गॅरेजवाल्याला फोनवरच विचारा: माझ्या गाडीचं एबीएस उघडतं का आणि लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालताना प्रत्येक चाकाचा वेग, दिसतो का?

सर्वमान्य कोडांत सी ००३५ म्हणजे पुढचा डावा सेन्सर, सी ००४० पुढचा उजवा, सी ००४५ मागचा डावा, सी ००५० मागचा उजवा. सी ०११० म्हणजे पंपाच्या मोटरचं सर्किट. यू ०१२१ आला तर बाकीच्या गाडीचा एबीएस युनिटशी संपर्कच तुटलाय. तेव्हा आधी युनिटचा करंट आणि अर्थिंग बघायचं. अनेक कंपन्या आपले वेगळे कोड वापरतात, त्यामुळे आपल्या मॉडेलचा अर्थ स्कॅनरवरच वाचा. डावा-उजवा हा नेहमी ड्रायव्हर सीटवर बसून पुढे बघताना धरायचा. आपल्याकडे डावा म्हणजे क्लीनर साइड.

इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. ‘पुढचा डावा सेन्सर’ हा कोड सेन्सर खराब आहे असं सांगत नाही. त्या चाकाकडून नीट ठोके येत नाहीत, इतकंच तो सांगतो. सेन्सर, रिंग, फट, बेअरिंग, वायर, कपलर, यांपैकी कशातही दोष असू शकतो. कोडने फक्त चाक दाखवलंय. पुढे हाताने काम करायचंय.

लाइव्ह डेटा त्यापेक्षा कामाचा. एकाने सरळ मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते ३० ने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने स्कॅनरकडे बघायचं. चालवणाऱ्याने अजिबात बघायचं नाही. चारही आकडे बरोबरीने चढायला-उतरायला हवेत. तिघे २५ आणि एक शून्य असेल तर ठोके येतच नाहीत. एक मधूनच खाली पडून परत येत असेल तर वायर किंवा दाता. एक सतत थोडा जास्त दाखवत असेल तर आधी टायर बघा. झिजलेल्या टायरचा घेर लहान, म्हणून ते चाक जास्त फेरे मारतं. आपल्याच उदाहरणात ८ मिलिमीटर नक्षी झिजली की घेर सव्वादोन टक्क्यांनी कमी होतो. आणि एका बाजूला २१५ च्या जागी २३५/७५ घातला तर फरक चार टक्क्यांवर जातो. एका एक्सलवर एक नवा आणि एक गुळगुळीत टायर ही काटकसर ब्रेकलाही महागात पडते आणि डिफरन्शियललाही.

चाक उचलल्यावर

सपाट जागा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडी जॅकवर नको, घोडीवर (खाली लावायच्या लोखंडी स्टँडवर) हवी. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नका.

चाक काढण्याआधी वर-खाली धरून हलवून बघा, मग आडवं धरून. खटखट जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. बेअरिंग ढिलं म्हणजे रिंग डगमगते, फट कधी वाढते, कधी घटते. अशा ठिकाणी नवा सेन्सर टाकून उपयोग नाही, रिंग घासून तोही जाईल.

मग चाक काढा आणि वायर बोटांनी चाचपत चेसीकडे या. जिथे ती पट्टीत अडकवलेली असते त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ पडलेली, चपटी किंवा फुगलेली जागा लागते का बघा. ब्रेकचं काम करताना कॅलिपर नुसता वायरवर लोंबकळत ठेवला गेला असेल, किंवा क्लिप परत लावायची राहिली असेल, तर तिथेच ती मोडते.

कपलर उघडा. चांगल्या कपलरच्या पिना पिवळसर किंवा चंदेरी चकचकीत असतात. खराब झालेल्यात हिरवी बुरशीसारखी भुकटी साठते. नखाने खरवडली तर ती पडते आणि खाली पिन सुईसारखी बारीक झालेली दिसते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात सांगली-मिरज पट्ट्यात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्यात हे नंतर वर्षा-दोन वर्षांनी उगवणारं दुखणं आहे. जुना पिकअप विकत घेताना सगळ्या सेन्सरचे कपलर उघडून बघावेत ते याच कारणासाठी. भुकटी थोडी असेल तर इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून, रबराची सील तपासून जोडा. पिन खाल्लेली असेल तर कपलरच बदला.

आता सेन्सर. तो एका बोल्टवर असतो, बहुधा १० नंबरचा पाना किंवा अ‍ॅलन-की लागते. बोल्ट सहज निघतो, पण सेन्सर गंजून भोकात रुतलेला असतो. हातोडीने ठोकला की प्लॅस्टिकचं डोकं हातात येतं आणि बाकीचा आतच राहतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पकडीने हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा, मग ओढा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक असतो. ब्रेक शूची आणि डिस्कची काळी लोखंडी भुकटी त्याच्या तोंडाला मिशीसारखी चिकटून बसलेली असते. बोटाने पुसा, बारीक केस उभे राहावेत तशी ती हलते. एवढी मिशी काढूनही कित्येकदा दिवा जातो. मागच्या ड्रममध्ये ऑइल सील गळत असेल तर हीच भुकटी तेलात कालवून घट्ट चिखल होतो. तिथे सील बदलल्याशिवाय दिवा टिकून जाणार नाही, आणि तेल लागलेले लायनरही बदलावे लागतील.

रिंग बघताना एका दात्यावर खडूने खूण करा आणि चाक हळूहळू फिरवत पूर्ण फेरा मोजा. मोडलेला दाता, दोन दात्यांत अडकलेला खडा, रिंगला गेलेली बारीक उभी भेग, हे नुसत्या नजरेने सुटतं, मोजताना सापडतं. रिंगखाली गंज साठला की तो तिला फुगवून वर ढकलतो आणि शेवटी फोडतो. मग फट एका जागी वेगळी होते. याचं लक्षण अगदी ओळखीचं: कोरड्या रस्त्यावर, अगदी सावकाश थांबताना, ताशी ८-१० वर असताना पेडल पायाखाली घरघरतं आणि गाडी थोडी पुढे सरकते. कोणी म्हणेल ब्रेक फेल. तसं नसतं. कमी वेगाला ठोके अशक्त असतात, त्यात रिंगची खोट, म्हणून युनिटला चाक लॉक झाल्यासारखं वाटतं आणि ते ब्रेक सोडतं. दिवा लागलेला नसला तरी हे लक्षण दिसलं की रिंग तपासा.

भोक आणि सेन्सर बसण्याची जागा पॉलिश पेपरने साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर सेन्सर तेवढा वर उचलला जातो आणि फट वाढते. जुन्या पद्धतीत फट साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. पुन्हा बसवताना बोल्ट हलक्या हाताने, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरच आवळायचा. जोर लावला की प्लॅस्टिकची पट्टी फुटते.

सेन्सर मीटरवर तपासताना

सेन्सर दोन जातीचे. जुन्या जातीत नुसती तारेची गुंडाळी आणि चुंबक. कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाचा आकडा जवळपास सारखा हवा. मीटरवर काहीच आलं नाही तर आत तार तुटलीय. वाचताना वायर हलवत राहा. आकडा उडाला की तीच जागा. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला हवं आणि जोरात फिरवलं की वाढायला हवं.

नव्या जातीचा सेन्सर युनिटकडून करंट घेऊन चालतो. त्याला ओहम मीटर लावू नका, आकडा निरर्थक येतो आणि सेन्सरला धोका होतो. कपलर काढा, चावी ऑन करा आणि गाडीकडच्या बाजूच्या पिनांवर व्होल्टेज बघा. बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या जवळपास मिळतं. तिथे काहीच नसेल तर दोष वायरिंगचा किंवा युनिटचा, सेन्सर बदलू नका. व्होल्टेज असेल तर मीटर मिलिअँपिअरवर घेऊन सेन्सरच्या एका वायरच्या मध्ये जोडा आणि चाक अगदी हळू फिरवा. आकडा साधारण ७ आणि १४ यांच्यात उड्या मारायला हवा. एकाच आकड्यावर थांबला तर सेन्सर तरी गेलाय किंवा समोर रिंगच नाही.

समोर रिंगच नाही, हे खरोखर होतं. काही हबमध्ये लोखंडी दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. ती दिसायला साध्या काळ्या सीलसारखी दिसते. बेअरिंग उलटं ठोकलं की पट्टी सेन्सरपासून दूर जाते, चाक छान फिरतं आणि दिवा मात्र पहिल्याच फेऱ्यात लागतो. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा सुरू झाला असेल तर नवा सेन्सर विकत घेण्याआधी हे तपासा. बसवण्याआधी बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना एक बारीक टाचणी लावून बघायची, जिथे ती किंचित ओढली जाते ती बाजू सेन्सरकडे. आणि असं बेअरिंग मोठ्या चुंबकाजवळ, स्पीकरजवळ ठेवायचं नाही.

पुढचे डावे-उजवे सेन्सर सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून बघणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. कोड दुसऱ्या चाकावर गेला तर सेन्सर खराब. तिथेच राहिला तर रिंग किंवा वायरिंग.

तुटलेली वायर जोडायचीच असेल तर वाकणाऱ्या भागात जोड देऊ नका, पुन्हा तिथेच मोडेल. स्थिर भागात जोडा, दोन्ही वायरींची लांबी सारखी ठेवा, एकमेकींभोवतीचा पीळ कायम ठेवा आणि वर हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. नुसती काळी टेप एका पावसाळ्यापुरती. शक्यतो वायरसकट सेन्सरच नवा घ्या.

युनिटपर्यंत पोचण्याआधी

चाकं, वायरी, करंट, अर्थिंग हे सगळं ठीक निघालं आणि कोड पंप किंवा व्हॉल्व्हचाच येत राहिला, तरच युनिटकडे वळा. युनिट अकाली जाण्याचं एक कारण टाळता येण्यासारखं आहे. हौद्याला जाळी, पाइप किंवा उंच कठडा वेल्डिंग करून घेताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि एबीएस युनिटचा कपलर दोन्ही सोडून ठेवायला सांगा. वेल्डिंगचं अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. नाहीतर तो करंट चेसीतून वाट काढत युनिटमधून जातो.

दुसरं कारण ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा घेतल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात ब्रेक तापले की तेवढं पुरतं, ऑइल उकळतं आणि पेडल खाली बसतं. शिवाय तोच ओलावा युनिटमधले बारीक व्हॉल्व्ह गंजवतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंग ऑइल चुकून पडलं तर सगळे रबर फुगतात. पातळी खाली गेली असेल तर नुसती भरून मोकळे होऊ नका. पॅड-लायनर झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. युनिटमध्येच हवा शिरली असेल तर पेडल मारून हवा पूर्ण निघत नाही. स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ती काढावी लागते.

तोपर्यंत गाडी चालवताना

दिव्याचा बल्ब काढून टाकणं किंवा त्यावर टेप लावणं, हे काहीजण करतात. असं करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका. ती गाडी उद्या वेगळ्या ड्रायव्हरच्या हातात असेल आणि त्याला वाटेल एबीएस आहे.

फक्त पिवळा दिवा असेल तर पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. कुंभार्ली किंवा पसरणी उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत दाबून धरू नका. चाक घसरलंच तर पाय थोडा सैल करा, चाक फिरू द्या, पुन्हा दाबा. जे यंत्र करत होतं ते आता पायाने करायचंय, अर्थात तितक्या वेगाने ते जमत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून घ्या आणि गाडी चालवून बघा. सेन्सरचा दोष असेल तर काही गाड्यांत चाकाचे ठोके नीट येतायत याची खात्री होईपर्यंत, म्हणजे ताशी १५-२० चा वेग गाठेपर्यंत, दिवा तसाच राहतो. तेव्हा गॅरेजच्या दारात दिवा दिसला म्हणून घाबरू नका. निघताना बोनेटमधून एक क्षणभर ‘घर्र’ असा आवाज येईल, तो पंपाची स्वतःची चाचणी. नंतर रिकाम्या, सरळ, मागेपुढे कोणी नसलेल्या रस्त्यावर ताशी ३० ने जाऊन पेडल एकदम पूर्ण दाबा. पायाला थरथर लागली, गाडी सरळ उभी राहिली आणि दिवा लागला नाही, तर एकदा माल भरून तेच करा.